खोगीर आणि माप

शाळेंत मराठीचा तास घेत असतां एका विद्यार्थ्यानें मला एकदां विचारलें, "गुरुजी, खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी भरणा, हें ठीक, पण खोगिरांत वाटेल तें भरून चालतें काय?" वाक्प्रचारांच्या अर्थांत हा शब्द मीं बरींच वर्षें शिकविला होता. जुनीं फडकीं, केंस, गवत, जें हातीं येईल तें कोंबून खोगीर फुगवितात, म्हणून पोकळ भरण्यास खोगीरभरती म्हणावयाचें, एवढें उत्तर मीं दिलें. मुलाचें समाधान झालें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. ज्या गादीवर बसून मनुष्य कोसचे कोस जातो आणि जी गादी एका मुक्या प्राण्याच्या पाठीवर तासन् तास राहते, तिच्यांत काय भरलें आहे आणि ती कोणाच्या मापाची आहे, ही गोष्ट क्षुल्लक कशी असेल? सेवानिवृत्तीनंतर ह्या प्रश्नाचा मीं थोडा मागोवा घेतला. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवितों.

प्रथम शब्द पाहूं. घोड्यावरील बैठकीला मराठींत तीन शब्द आहेत. पलाण, जीन आणि खोगीर. पलाण हा संस्कृत पर्याण शब्दाचा प्राकृतांतून आलेला वंशज. जीन हा फारसी शब्द. खोगीर हाहि फारसीच, आणि त्याचा मूळ अर्थ घाम टिपून घेणारें. म्हणजे मूळचें खोगीर हें स्वाराच्या सुखासाठीं नव्हतेंच. जिनाखालीं घोड्याच्या पाठीवर घालावयाची ती गादी. मराठींत मात्र ह्या गादीचें नांव सबंध बैठकीस मिळालें. घोड्याच्या पोटाखालून आंवळावयाचा पट्टा तो तंग, स्वारानें पाय ठेवावयाची ती रिकीब. हे शब्दहि फारसी-अरबींतून आपल्याकडे आले व मराठी होऊन गेले. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचा एक शब्द मात्र आपल्या घरचा आहे. तो शब्द म्हणजे मांड. मांड ही कांहीं वस्तु नव्हे. दोन्ही मांड्यांनीं घोडा धरून, अंग सैल व तोल सांभाळून स्वार जो स्थिर बसतो, त्या बसण्याला मांड म्हणतात. ज्याची मांड पक्की तो घोडा उधळला तरी सहसा पडत नाहीं. जिनाचें माप घ्यावयाचें तें ही मांड नीट बसावी म्हणून.

आतां इतिहासाकडे वळूं. आजवर सांपडलेल्या अत्यंत जुन्या खोगिरांपैकीं एक, चीनच्या वायव्येस तुर्फान नांवाच्या कोरड्या प्रदेशांत, यांगहाय येथील दफनभूमींत मिळालें. तें एका स्त्रीच्या थडग्यांत होतें, आणि ती जणूं त्यावर बसलेली आहे अशा बेतानें तें तिच्या देहाशीं ठेवलेलें होतें. त्याच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें हें खोगीर इ. स. पू. ७२७ ते इ. स. पू. ३९६ ह्या अवधींतलें आहे. गाईच्या कातड्याच्या दोन गाद्या एकमेकींस जोडलेल्या, आणि त्यांच्या आंत पेंढा, हरणाचे केंस व उंटाचे केंस ह्यांचें मिश्रण भरलेलें. श्रोतेहो, ही निदान २४०० वर्षांपूर्वींची खोगीरभरती. ती अद्याप टिकून आहे, आणि ती पाहिली म्हणजे भरणाऱ्यानें हातीं लागेल तें कोंबलें असें म्हणवत नाहीं. केंस दबतात व पुन्हां फुगतात. पेंढ्यानें आकार राहतो. दोन्ही मिसळण्यांत अनुभव आहे.

ह्याच सुमाराचीं, किंवा किंचित् मागाहूनचीं, दुसरीं खोगिरें अल्ताय पर्वतांत पाझिरिक येथें निघालीं. तेथील सरदारांच्या थडग्यांत पाणी शिरून गोठलें व त्या बर्फांत कातडें, लोंकर, लांकूड, इतकेंच नव्हे तर स्वाराबरोबर पुरलेले घोडेहि राहिले. १९२९ सालीं तेथें उत्खननास आरंभ झाला व १९४७ ते १९४९ ह्या वर्षांत रुदेंको ह्या रशियन पुरातत्त्वज्ञानें तें पुढें नेलें. पाझिरिकचीं खोगिरेंहि अशींच दोन गाद्यांचीं आहेत. एक गादी कण्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि मध्यें कण्याच्या रेषेवर भार पडूं नये अशी जागा. हजारों वर्षांपूर्वींच्या ह्या लोकांना घोड्याच्या पाठीचें मर्म कळलें होतें. घोड्याचा कणा हा भार घेण्याची जागा नव्हे. कण्याच्या दोहों बाजूंस जे मांसल स्नायु बरगड्यांवर पसरलेले आहेत, भार त्यांनीं घ्यावयाचा. मणक्यांच्या टोंकांवर दाब आला कीं कातडी सोलवटते, जखम होते, ती चिघळते, आणि घोडा कित्येक आठवडे निकामी होतो.

त्या वेळीं सर्वांनाच खोगीर माहीत होतें असें मात्र नाहीं. ग्रीक लोक घोड्याच्या उघड्या पाठीवर किंवा फार तर एकाद्या वस्त्रावर बसत. झेनोफन ह्या ग्रीक सेनानीनें इ. स. पू. चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यांत तो सांगतो कीं, ज्याच्या कण्याच्या दोहों बाजूंस मांस भरून आलें आहे असा घोडा बसावयास सुखकर. स्वारानें कसें बसावें ह्याविषयींहि त्याचें सांगणें स्पष्ट आहे: खुर्चीवर बसल्यासारखें बसूं नये, पाय फांकून उभें राहिल्यासारखें, ताठ व मांड्यांच्या आधारानें राहावें. जिनाशिवायहि तो मांडीचें महत्त्व जाणत होता.

रिकिबीच्या इतिहासांत आपल्या देशाचा मान मोठा आहे. सांचीच्या स्तूपावरील इसवी सनापूर्वींच्या शिल्पांत घोडेस्वाराच्या पायाच्या बोटांना आधार देणारें दोरीचें किंवा पट्ट्याचें वेटोळें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. अनवाणी पायाच्या आपल्या उष्ण देशांत अंगठा अडकविण्यापुरतें तें पुरेसें होतें. थंड देशांत पायांत जोडा असतो. तेथें सबंध पाऊल मावेल अशी कडी हवी. ती चीनमध्यें झालेली दिसते. तेथें इ. स. ३२२ च्या एका थडग्यांतील घोड्याच्या मूर्तीला दोन्ही बाजूंस रिकिबी आहेत, आणि इ. स. ४१५ मध्यें मृत झालेल्या फंग सूफू नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत तर खऱ्या रिकिबींची जोडी मिळाली आहे.

रिकिबींत पाय ठेवून स्वार उभा राहूं लागला, तेव्हां त्याचा सारा भार दोन पट्ट्यांवर येऊं लागला. हे पट्टे मऊ गादीला टांगले तर ती गादी त्या ठिकाणीं दबून पाठींत रुतणार. म्हणून रिकिबीबरोबरच लांकडी सांगाड्याचें जीन सर्वत्र होत गेलें. कण्याच्या दोहों बाजूंस दोन लांब फळ्या, त्यांना जोडणारी एक कमान पुढें व एक मागें, असा हा सांगाडा. मंगोलियांतील एका गुहेंत सांपडलेलें भूर्ज वृक्षाच्या लांकडाचें असें एक जीन इ. स.च्या पांचव्या शतकाच्या आरंभींचें ठरलें आहे. ह्या सांगाड्यामुळें स्वाराचा भार दोन लांब फळ्यांवर वांटला गेला व कणा मोकळा राहिला.

येथूनच मापाचा प्रश्न खरा उभा राहतो. मऊ खोगीर हें गादीसारखें असतें. लहान मनुष्य बसो, मोठा बसो, घोडा रुंद पाठीचा असो किंवा अरुंद, तें थोडेंबहुत सर्वांशीं जुळवून घेतें. लांकूड कोणाशींच जुळवून घेत नाहीं. सांगाडा अरुंद झाला तर घोड्याच्या खांद्यांना चिमटा बसतो. रुंद झाला तर कमान खालीं येऊन मानेच्या मुळाशीं असलेल्या उंचवट्यावर टेकते. आणि वर बसणाऱ्यालाहि तीच अडचण. पुढची कमान व मागची कड ह्यांमधील जागा एकदां ठरली कीं ठरली. तींत जो मावेल त्यानें सुखानें बसावें. ज्याला ती अपुरी पडेल किंवा मोठी होईल, त्यानें सोसावें. त्याच्याबरोबर घोड्यानेंहि सोसावें.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा विचार करतांना हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडील घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिवछत्रपतींचा भर पागेवर होता. सभासदाच्या बखरींत लष्कराची जी रचना दिली आहे तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पाणी आणि नाल ह्या दोन गोष्टी स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. शिलेदाराचा घोडा हेंच त्याचें भांडवल. तो निकामी झाला तर चाकरी बुडे. त्यामुळें आपलें खोगीर आपल्या घोड्याच्या पाठीला लागतें कीं काय, हें पाहण्यांत त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. उलट पागेचा घोडा आज ह्या बारगिराखालीं, उद्यां त्या बारगिराखालीं जाऊं शके. अशा ठिकाणीं भरणा काढतां-घालतां येणारें मऊ खोगीर सोयीचें, हें उघड आहे. जीन व खोगीर करणाऱ्या कारागिरांचा जीनगर म्हणून एक समाजच महाराष्ट्रांत आहे. पुढें घोडदळें गेलीं, मागणी आटली, तेव्हां ह्या कुशल हातांनीं धातूचें ओतकाम, मूर्तिकाम, पुस्तकबांधणी असे दुसरे धंदे उचलले.

ह्याच संदर्भांत एक मनोरंजक प्रसंग सांगतों. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई ग्वाल्हेर सोडावें लागल्यानंतर १८३५ सालीं फत्तेगड येथें राहत होत्या. तेथें फॅनी पार्क्स नांवाच्या एका इंग्रज बाईंची व त्यांची भेट झाली. बायजाबाई ह्या कागलच्या घाटग्यांच्या कन्या. घोड्यावर बसण्यांत त्यांची ख्याति होती, आणि त्यांच्या परिवारांतील स्त्रियाहि दोहों बाजूंस पाय टाकून पुरुषांप्रमाणें मांड घालीत. इंग्रज स्त्रिया त्या काळीं एकाच बाजूस दोन्ही पाय घेऊन बसत. त्यांचें जीन निराळें. त्यावर उजवी मांडी अडकविण्यासाठीं शिंगासारखा खुंट असे. तें वांकडें बसणें पाहून मराठी स्त्रियांना नवल वाटलें. मग पार्क्सबाईंनीं मराठी पोषाख केला, मराठी पद्धतीनें घोड्यावर बसून पाहिलें, आणि ती बैठक त्यांना इतकी निर्धास्त वाटली कीं, स्त्रियांची जुनी बैठक बदलणाऱ्या आपल्या एलिझाबेथ राणीलाच त्यांनीं बोल लावला. हा वृत्तांत त्यांनीं १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविला आहे. स्वाराचें शरीर एक, घोडा एक, परंतु बैठक बदलली कीं जिनाचें माप समूळ बदलतें, हें ह्या प्रसंगानें चांगलें कळतें. एका बाजूस बसणाऱ्या स्त्रीच्या जिनाचें माप तिच्या उजव्या मांडीच्या लांबीवरून घेतात. दोहों बाजूंस बसणाराला तें माप उपयोगाचें नाहीं.

आतां सरकारी मापाकडे येऊं. एकाच नमुन्याचीं हजारों जिनें करावयाचीं म्हणजे माप आंकड्यांत बांधावें लागतें. ह्याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. जॉर्ज मॅक्लेलन हा अमेरिकन अधिकारी क्रिमियन युद्धाच्या सुमारास, १८५५-५६ सालीं, युरोपांतील सैन्यें पाहण्यासाठीं पाठविलेल्या मंडळांत होता. परत आल्यावर त्यानें एक जीन सुचविलें व १८५९ सालीं अमेरिकन सैन्यानें तें स्वीकारलें. सांगाडा लांकडाचा, त्यावर कच्चें कातडें ताणून बसविलेलें, आणि मधोमध कण्याच्या रेषेवर सरळ फट. हात घातला तर खालीं घोड्याची पाठ लागावी अशी. पाझिरिकच्या दोन गाद्यांमधील मोकळी जागा लांकडाच्या रूपानें पुन्हां प्रकट झाली म्हणाना. हें जीन तीन मापांत होई: ११, ११½ आणि १२ इंच. कमानीपासून मागच्या कडेपर्यंतची ही बैठक. सैन्यांत हजारों तऱ्हेचीं माणसें. त्यांना मापें तीन, आणि त्यांतहि अंतर अर्ध्या इंचाचें. तरीहि तीं आवश्यक मानलीं गेलीं, ह्यावरून बैठकींत अर्ध्या इंचाची किंमत काय असते हें दिसून येईल.

ह्या जिनाविषयीं पुढें असें म्हणत कीं, तें घोड्याला सोयीचें व स्वाराला कष्टाचें. यादवी युद्धांत त्यावरील कच्चें कातडें उन्हापावसानें तडकलें कीं स्वाराचे हाल होत. म्हणून १८७० नंतरच्या काळांत त्यावर कमावलेल्या चामड्याचें आवरण आलें. परंतु घोड्याच्या पाठीचा विचार आधीं करणारें हें जीन अमेरिकन घोडदळ मोडेपर्यंत टिकलें.

हिशेब चुकला म्हणजे काय होतें ह्याचा धडा इंग्रज सैन्याला दक्षिण आफ्रिकेंत मिळाला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रजांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. त्यांतले बरेचसे शत्रूच्या गोळीनें मेले नाहींत. देशोदेशींहून जहाजांतून आणलेले घोडे विसांवा न देतां मोहिमेवर धाडले गेले. दाणावैरण अपुरी, ओझें बेसुमार, रोगराई फार. ह्या मोठ्या कारणांच्या जोडीला सोलवटलेल्या पाठी होत्याच. घोडा रोडावला कीं त्याच्या पाठीचा आकार बदलतो. काल जें जीन नीट बसत होतें तें आज कण्यावर टेकतें. स्वार तोच, जीन तेंच, पण घोडा मात्र त्या मापाचा राहिला नाहीं. ह्या अनुभवानंतर इंग्रज सैन्यांत जो १९१२ चा नमुना आला, त्यांत बाजूच्या फळ्या कमानीला घट्ट खिळून न टाकतां थोड्या हलतील अशा जोडल्या होत्या, म्हणजे पाठीच्या उतारावर त्या आपोआप टेकाव्यात. जिनाखालीं कांबळ्याची घडी घालण्याची रीत तर जुनीच. घोडा बारीक झाला तर घडी वाढवावी, अंगानें भरला तर कमी करावी. म्हणजे फिरून खोगीरभरतीच, आणि तिच्यावरच सबंध रिसाल्याची चाल अवलंबून.

एवढ्या इतिहासानंतर, स्वाराला जीन नीट बसतें कीं नाहीं हें प्रत्यक्ष कसें ठरवितात, तें थोडक्यांत सांगतों. स्वारास सपाट खुर्चीवर पाठ भिंतीला टेकवून बसवावें, पाय जमिनीवर सरळ ठेवावे, आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोंकापर्यंत मांडीची लांबी मोजावी. वजनापेक्षां हीच लांबी अधिक बोलते; कारण आंखूड मांडीचा जाड मनुष्य आणि लांब मांडीचा कृश मनुष्य ह्यांना एकच जीन चालत नाहीं. ही लांबी २० ते २१½ इंच भरली तर इंग्रजी पद्धतीच्या जिनाची सुमारें १७ इंची बैठक योग्य असें सामान्यतः धरतात. मांडी लांब असेल त्या मानानें बैठक अर्ध्या-अर्ध्या इंचानें वाढते. इंग्रजी जिनाची बैठक पुढच्या कमानीच्या बाजूस जडविलेल्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरकी मोजतात. अमेरिकन गुराख्यांच्या जिनाला पुढें उंच खुंट असतो. तें त्या खुंटाच्या बुडापासून मोजतात, म्हणून त्याचा आंकडा सुमारें दोन इंचांनीं कमी येतो. आंकडा कोठून कोठपर्यंतचा आहे हें न विचारतां दोन जिनांची तुलना करूं नये.

कागदावरचें माप झाल्यावर घोड्यावर बसून पाहावें. स्वार बैठकीच्या खोल भागांत बसला असतां त्याच्या मागें कडेपर्यंत सुमारें चार बोटें जागा राहावी. ती मुळींच राहिली नाहीं, तर स्वार मागच्या कडेवर ढकलला जातो व त्याचें वजन घोड्याच्या कमरेकडे सरकतें. जागा फार राहिली, तर स्वार बैठकींत पुढेंमागें घसरतो, पाय पुढें जातात आणि तोल सांभाळण्यासाठीं तो लगामाला लोंबकळतो. मग घोड्याच्या पाठीबरोबर तोंडालाहि इजा. रिकिबीचा पट्टा ठरविण्याची जुनी युक्ति सोपी आहे. हात सरळ करून बोटांचीं टोंकें पट्ट्याच्या वरच्या मुळाशीं लावावींत. रिकिबीची कडी बगलेपर्यंत पोंचली म्हणजे बहुधा लांबी बरोबर. शेवटीं जिनाच्या पुढच्या कमानीखालीं, स्वार वर बसलेला असतांना, दोन-तीन बोटें जावींत.

येथें ह्या सर्व मोजमापांतील मुख्य गोष्ट येते. स्वार मोठा असेल तर जीन मोठें घ्यावें, हें साधें गणित वाटतें. परंतु तें एका ठिकाणीं थांबतें. घोड्याला सामान्यतः बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. भार घेण्याची शक्ति ह्या बरगड्यांच्या आधारानें आहे. शेवटच्या बरगडीच्या मागें कंबर सुरू होते. तेथें खालून आधार नाहीं. म्हणून जिनाचा भार शेवटच्या बरगडीच्या मागें जातां कामा नये. आंखूड पाठीच्या घोड्यावर उंच माणसाच्या मापाचें लांब जीन चढविलें, तर स्वाराची मांड उत्तम बसेल, पण फळ्यांचीं टोंकें घोड्याच्या कमरेवर जातील. अशा वेळीं चूक जिनाचीहि नव्हे व जीनगराचीहि नव्हे. तो घोडा त्या स्वारासाठीं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. स्वाराच्या मापाला घोड्याची शेवटची बरगडी ही मर्यादा आहे, आणि ती कोणत्याहि पैशानें पुढें सरकत नाहीं.

कामाप्रमाणेंहि माप बदलतें. इटलीच्या घोडदळांतील फेदेरिको काप्रिल्ली ह्या अधिकाऱ्यानें (१८६८-१९०७) घोड्याला अडथळ्यावरून उडी मारतांना नीट पाहिलें आणि सांगितलें कीं, त्या वेळीं मागें रेलण्याची जुनी रीत घोड्याला जाचक आहे. स्वारानें रिकिबी आंखूड घेऊन घोड्याच्या गतीबरोबर पुढें झुकावें. रिकिबी आंखूड झाल्या तसे गुडघे पुढें आले, आणि गुडघ्यांना जागा देण्यासाठीं जिनाच्या बाजू पुढें वाढवाव्या लागल्या. त्याची ही बैठक पुढें जगभर पसरली. ज्यानें ती शोधली त्यानें आरंभ केला होता तो घोड्याचें दुःख पाहण्यापासून, हें लक्षांत ठेवावें.

आज घोडदळाचा काळ संपला. आपल्या देशांतील जीनसामानाचें मोठें केंद्र कानपूर. तेथील ह्या मालास भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे, आणि तेथें तयार होणारीं जिनें परदेशीं जातात. सामान्य मराठी माणसाचा घोड्याशीं संबंध येतो तो माथेरान किंवा महाबळेश्वर येथें, तोहि तासाभरापुरता. तेथें एकाच जिनावर सकाळीं आठ वर्षांचें मूल बसतें व दुपारीं त्याचा धिप्पाड मामा. तेवढ्यासाठीं कोणी मांडी मोजणार नाहीं, हें मी जाणतों. पण बसण्यापूर्वीं घोडेवाल्याला सांगून रिकिबी आपल्या हाताच्या मापानें करून घ्याव्या, आणि जिनाच्या कमानीखालीं दोन बोटें जातात कीं नाहीं तें विचारावें. ह्याला एक मिनिटहि लागत नाहीं. आपला देह भारी असेल तर लहान चणीच्या घोड्यावर बसण्याचा आग्रह धरूं नये. चालत गेल्यानें माथेरानची शोभा कमी होत नाहीं.

त्या विद्यार्थ्याला आज मी निराळें उत्तर देईन. बाळ, भाषेंत खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी भरणा, परीक्षेंत तेंच लिही. पण ज्यानें हा वाक्प्रचार काढला तो खोगिराच्या वर बसणारा असावा. वर बसणाराला आंत काय आहे तें दिसत नाहीं व फारसें जाणवतहि नाहीं. जाणवतें तें खालच्याला. खोगीर चांगलें कीं वाईट हें पाहावयाचें असेल तर स्वाराला विचारूं नये. मजल संपल्यावर तंग सोडावा, खोगीर उतरावें, आणि घोड्याच्या पाठीवरून उघड्या तळव्यानें हलकेच हात फिरवावा. घोडा शांत उभा राहिला तर माप बरोबर. त्यानें अंग चोरलें तर कोठें तरी आपली चूक झाली आहे, आणि ती दुसऱ्या दिवसाच्या मजलेपूर्वीं शोधली पाहिजे.